बांधाच्या दोन्ही बाजूंना

भारतातल्या कोळसा खाणींच्या सुरक्षा नियमांमध्ये एक वाक्य आहे, जे मला आता जवळपास पाठ झालंय. मूळ १९५७च्या नियमावलीतलं. सोप्या मराठीत सांगायचं तर असं: खाणीत शिरण्याच्या प्रत्येक वाटेचा सगळ्यात खालचा बिंदू, म्हणजे वाढतं पाणी जिथून आत घुसू शकेल ती जागा, तिथल्या सर्वोच्च पूरपातळीपेक्षा किमान दीड मीटर उंच असली पाहिजे. सर्वोच्च पूरपातळी म्हणजे हायेस्ट फ्लड लेव्हल. या क्षेत्रात सगळे तिला एचएफएल म्हणतात. खाणीच्या नकाशावर ती एक आकडा म्हणून बसलेली असते, समुद्रसपाटीपासून अमुक इतके मीटर. नदीकाठचा बांध किती उंच घालायचा, विजेचं सबस्टेशन कुठे ठेवायचं, पावसाळ्यात मशिनरी कुठे चढवून ठेवायची, या सगळ्याचा हिशोब त्या एका आकड्यापासून सुरू होतो.

गेली तीन वर्षं माझी नोकरीही त्याच आकड्यापासून सुरू होते. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. आमचं सॉफ्टवेअर खाणींना, कारखान्यांना, वीजकेंद्रांना सांगतं की तुमच्या जागेला आज पुराचा धोका किती आहे आणि हवामान बदलल्यावर २०५०च्या आसपास तो किती असेल. डिग्री कम्प्युटरची, त्यामुळे पाण्याचं शास्त्र मी टीममधल्या हायड्रोलॉजिस्ट मैत्रिणीचं डोकं खाऊन शिकलो. हे काम अचानक कुठून आलं, असं मला कॉलेजचे मित्र विचारतात. उत्तर फार काव्यात्म नाही. २०२२-२३पासून शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना सेबीला पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. बँका आणि विमा कंपन्याही प्रश्न विचारायला लागल्यात. मग कोळसा काढणारी कंपनीही विचारते, की हवामान बदलामुळे आमच्या खड्ड्यात किती पाणी भरेल? यातला विनोद आमच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी करून झालाय. त्यामुळे पुढे जाऊ.

एचएफएल कशी ठरते हे कळल्यावर मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं होतं. नदीवर जवळपास मोजणीकेंद्र असेल तर तिथल्या नोंदी घेतात. नसेल तर पुलाच्या खांबावरचे डाग, देवळाची पायरी, गावातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण. ‘त्या वर्षी पाणी पाराला लागलं होतं’, मग पाराची उंची मोजायची आणि तो आकडा फाइलमध्ये जातो. मला ही पद्धत अजिबात हास्यास्पद वाटत नाही. पाणी खरोखर कुठवर आलं होतं याचा तो पुरावा आहे आणि माझ्या कुठल्याही मॉडेलपेक्षा जास्त भरवशाचा. अडचण एवढीच की ‘सर्वोच्च’ म्हणजे आजवर पाहिलेल्यातली सर्वोच्च. माणसाची आठवण साठ-सत्तर वर्षांची. आणि त्या आठवणीतली नदी आता तशी राहिलेली नाही.

यापुढची पायरी संख्याशास्त्राची. दरवर्षीचा सगळ्यात मोठा पूर घ्यायचा, त्या आकड्यांमधून एक वक्र काढायचा आणि पन्नास वर्षांतून एकदा येणारा, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर किती मोठा हे त्यावरून वाचायचं. आपल्याकडे जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. निळी साधारण २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र भल्याभल्यांची फसगत होते. मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, आमची खाण वीस वर्षांचीच आहे, मग आम्हाला काय? हिशोब करून बघा. पन्नास वर्षांतून एकदाचा पूर म्हणजे दरवर्षी दोन टक्के शक्यता. वीस वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता ३३ टक्के होते. तिनातली एक. आता समजा, हवामान बदलून तोच पूर वीस वर्षांतून एकदाचा झाला. मग तीच शक्यता ६४ टक्के होते. बांध तोच, नदी तीच, खाणही तीच. फक्त मागच्या नोंदींवर काढलेला तो वक्र पुढच्या वर्षांना लागू राहिलेला नाही.

आणि तो वक्र सरकतोय याचा पुरावा आमच्या ऑफिसपासून फार लांब नाही. पुण्यातल्या पाषाणला आयआयटीएम आहे, उष्णदेशीय हवामान शास्त्राची संस्था. तिथल्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं, की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या. म्हणजे एकूण बेरीज जवळपास तीच, पण पडण्याची तऱ्हा बदलली. नंतर २०१७ साली रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. भौतिकशास्त्र सोपं आहे. हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. आणि देशाचा बहुतेक कोळसा नेमका कुठे आहे? याच पट्ट्यात आणि त्याच्या कडेला. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण आणि आपला पूर्व विदर्भ.

खुल्या खाणीत पाणी दोन वाटांनी येतं. पहिली वाट वरून. समजा खड्डा २०० हेक्टरचा आहे आणि एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला. नुसत्या खड्ड्यात पडलेलं पाणीच चार लाख घनमीटर, म्हणजे ४० कोटी लिटर. सेकंदाला १०० लिटर उपसणारा पंप चोवीस तास न थांबता चालला तर दिवसाला साधारण ८६ लाख लिटर बाहेर काढतो. असे पाच पंप लावले तरी नऊ-दहा दिवस. मधे पुन्हा पाऊस झाला नाही आणि वीज गेली नाही, तर.

माझे बाबा अशाच एका खाणीत पंपावर आहेत. खाणीतल्या भाषेत पंप खलाशी. आमची जमीन खाणीत गेली आणि तिच्या बदल्यात त्यांना नोकरी मिळाली, त्याला आता पंचवीस वर्षं होतील. लहानपणी मला वाटायचं, की जगातल्या सगळ्यांचे वडील पाऊस आला की ऑफिसला पळतात. इतरांची मुलं पावसात भिजायला बाहेर जायची आणि आमच्याकडे आई डबा भरत असायची, कारण दुसऱ्या पाळीचा माणूस पोचला नाही तर बाबांना डबल ड्युटी. खाणीच्या तळाशी सम्प असतो, सगळं पाणी गोळा होणारा खड्ड्यातला खड्डा. त्याच्यावर तराफ्यावर तरंगणारे पंप. पाणी चढलं की पंपही चढतो, पाइप जोडत न्यावे लागतात, केबल वर ओढावी लागते. हे सगळं रात्री, चिखलात, पावसात. सम्प केवढा असावा याबद्दल पर्यावरण मंजुरीच्या पत्रांमध्ये एक ठरलेली अट असते: पन्नास वर्षांच्या नोंदींवरून काढलेल्या अचानक येणाऱ्या मोठ्या पावसावर आणखी ५० टक्के जागा राखून ठेवा. ज्यानं कोणी ते ५० टक्के घातले त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. पण त्या वाढीव जागेत गाळ बसतो, पंप बंद पडल्याचे तास बसतात आणि आता हवामान बदलही तिथेच बसायला आलाय.

दुसरी वाट बाजूची. नदीची. बाबा एकदा म्हणाले होते, “वरून येते त्या पाण्याची भीती नाही, ते दिसते. बाजूनं येते त्याची भीती.”

त्यांना कोणी धनबादची गोष्ट सांगितली होती की अनुभवावरून बोलले, माहीत नाही. पण झारखंडमधल्या (तेव्हाच्या बिहारमधल्या) गजलीटांड खाणीत १९९५च्या सप्टेंबरमध्ये नेमकं हेच झालं. रात्रभर मुसळधार पाऊस, कतरी नदी फुगली, बांध फुटला आणि पाणी भूमिगत खाणीत घुसलं. ६४ कामगार बाहेर आले नाहीत. कतरी ही काही गंगा नाही. एरवी जिच्यातून चालत पलीकडे जाता येईल अशी नदी. खुल्या खाणीत माणसांना पळायला वेळ मिळतो, म्हणून तिथे एवढे बळी जात नाहीत, पण उत्पादन थांबतं. २०२१च्या सप्टेंबर अखेरीस छत्तीसगडमधल्या दीपका खाणीत लीलागर नदीचं पाणी शिरलं होतं. तेव्हाच देशातल्या औष्णिक वीजकेंद्रांकडे सरासरी चारेक दिवसांचा कोळसा उरल्याच्या बातम्या येत होत्या. त्या टंचाईला कारणं बरीच होती, पण खाणपट्ट्यातला लांबलेला पाऊस त्यातलं एक होतं.

आणि पाणी आत येणं हा फक्त अर्धा प्रश्न. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१०-११च्या पुरानंतर खाणी महिनोन् महिने पाण्यानं भरलेल्या राहिल्या. पंप होते, वीज होती, पण खड्ड्यातलं खारट पाणी नदीत किती सोडायचं यावर मर्यादा होती, कारण खालच्या गावांना तीच नदी प्यायला लागते. पाऊस थांबल्यावर खाण पुढच्या दिवशी सुरू होते, असं आमच्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्तीत कोणीच गृहीत धरलं नव्हतं, ते या उदाहरणामुळेच. ‘पाणी कुठे सोडणार?’ हा रकाना आम्ही पहिल्यापासून ठेवलाय. बहुतेक ग्राहक तो रिकामा पाठवतात.

आता ‘प्रादेशिक’ या शब्दाबद्दल. आमच्या अहवालांच्या मुखपृष्ठावर तो मोठ्या अक्षरात असतो. मला त्याच्याबद्दल बोलायचंय.

मागच्या वर्षी मध्य भारतातल्या एका खाणीचं काम आमच्याकडे आलं. नदी खाणीच्या हद्दीला लागून वाहते. खाणीचा बांध दोन मीटरनं वाढवला तर २०५०च्या पावसात तो पुरेल का, एवढा प्रश्न. आम्ही मॉडेल मांडलं. मॉडेलला सीमा लागते, कुठून कुठवरचं पाणी हिशोबात घ्यायचं. नदीच्या वरच्या अंगाला काही किलोमीटर, खालच्या अंगाला काही आणि साहजिकच दोन्ही काठ. पहिल्याच रनमध्ये खाण कोरडी राहिली. स्क्रीनवर खाणीचा खड्डा राखाडी आणि समोरचा काठ गडद निळा.

यात रहस्य काही नाही. पुरात नदी पसरते. दोन किलोमीटर रुंदीत पसरून वाहणारं पाणी एका काठाला बांध घालून दीड किलोमीटरमध्ये कोंबलं, तर पाण्याला दोनच पर्याय राहतात: उंची वाढवायची किंवा वेग. दोन्ही थोडं थोडं वाढतं. वरच्या अंगाला फुगवटा येतो, समोरच्या काठावर पाणी जास्त आत जातं. किती, ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. कधी बोटभर, कधी छातीभर. ते मोजायलाच तर मॉडेल असतं.

ग्राहकाचं उत्तर सभ्य होतं. खाणपट्ट्याबाहेरचे परिणाम या अभ्यासाच्या कक्षेत येत नाहीत, तरी नकाशा खाणपट्ट्याच्या हद्दीवर कापून द्यावा. आमच्या मॅनेजरनं मला ते कापायला सांगितलं. कोडमध्ये ती एक ओळ असते. अशी ओळ मी रोज लिहितो. नकाशाच्या बाहेरची पिक्सेल रिकामी करायची. मी विचारलं, की समोरच्या काठावरची वाढ निदान एका तक्त्यात देऊ या का? बरीच चर्चा झाली. मैत्रीण माझ्या बाजूनं बोलली, तिचा शब्द माझ्यापेक्षा वजनदार. शेवटी परिशिष्टात एक वाक्य गेलं: ‘प्रस्तावित बांधामुळे लगतच्या क्षेत्रातील पूरपातळीत होणाऱ्या बदलाचा स्वतंत्र अभ्यास करणे उचित ठरेल.’ उचित ठरेल. कोण करणार, कधी, कोणाच्या पैशानं, हे त्या वाक्यात नाही. आम्ही आकडे काढलेले होते. ते आजही सर्व्हरवर आहेत आणि करारानुसार ग्राहकाच्या मालकीचे आहेत.

हे मी कोणाला खलनायक करायला लिहीत नाही. त्या ग्राहकानं नियम मोडला नाही. नियम खाणीतल्या माणसाला वाचवायला लिहिलेला आहे. तो माझ्या बाबांना वाचवतो आणि मला तो हवाच आहे. पण दीड मीटर वर असा, एवढंच तो सांगतो. प्रत्येकानं दीड मीटर वर जायचं ठरवलं तर पाणी कुठे जाईल, याचं उत्तर देणं हे त्या नियमाचं काम नव्हतंच. ज्या नदीकाठी एकच खाण आहे तिथे हे चालून जातं. ज्या नदीच्या दोन्ही काठांना आठ-दहा खाणी आहेत, मधे गावं आहेत आणि पावसाची तऱ्हा बदलतेय, तिथे प्रत्येक खाणीचा सुटा अभ्यास बरोबर असूनही सगळे मिळून चुकीचे असू शकतात. एकाच्या बांधानं वाढलेली पातळी दुसऱ्याच्या जुन्या एचएफएलमध्ये नसते.

अशी नदी मला माहीत आहे. वर्धा. सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते, खाली येऊन यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. वाटेत पैनगंगा मिळते, चंद्रपूर शहराला वळसा घालून आलेली इरई मिळते, पुढे वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. वणी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा या सगळ्या पट्ट्यात काळ्या मातीखाली कोळसा आहे. बाबांची खाण यातलीच एक. आणि नदीच्या समोरच्या काठाला मोठे बाबांचं शेत आहे. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमची या काठाची जमीन खाणीत गेली, त्यांनी त्या काठाला पाच एकर घेतली. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. एक भाऊ बांधाच्या आत, एक बाहेर.

२०२२च्या जुलैत वर्धेला मोठा पूर आला. वरच्या अंगाला सतत पाऊस, धरणांचे दरवाजे उघडलेले, राजुरा-बल्लारपूर रस्ता पाण्याखाली. तेच पाणी आणि खोऱ्यातल्या इतर नद्यांचं पाणी मिळून पुढे तेलंगणात भद्राचलमला गोदावरी ७१ फुटांवर गेली होती. त्या आठवड्यात बाबा तीन दिवस घरी आले नाहीत आणि मोठे बाबांच्या शेतात सहा दिवस पाणी उभं होतं. खाणीत नदी शिरली नाही. बाबांना त्याचा अभिमान आहे आणि तो खराच असायला हवा, रात्री टॉर्च घेऊन बांधावरून फिरणाऱ्यांत ते होते. मोठे बाबा त्यावर काही बोलत नाहीत. घरात जेवताना हा विषय निघाला की आई वाढायला उठते.

म्हणून मी शनिवार-रविवारी आमच्या नदीचं मॉडेल करायला घेतलं. ऑफिसचा डेटा नाही, सगळा फुकट मिळणारा. पहिली अडचण उंचीच्या नकाशाची. जगभर सगळ्यात जास्त वापरला जाणारा मोफत उंचीनकाशा फेब्रुवारी २०००मध्ये काढलेला आहे. एंडेव्हर यान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारनं बहुतेक जमिनीची उंची मोजून गेलं. बाकी ठिकाणी पंचवीस वर्षांत जमीन कुठे हलते? खाणपट्ट्यात हलते. त्या नकाशात आमचं जुनं शेत अजून आहे. जिथे आज खोल खड्डा आहे तिथे सपाट जमीन, जिथे वीस मजली इमारतीएवढे मातीचे ढिगारे आहेत तिथेही सपाट जमीन. मी त्यावर थोडा वेळ उगाच झूम करत बसलो. मग नंतरच्या दशकातला दुसरा नकाशा घेतला. त्यात ढिगारे होते, पण आजच्याएवढे उंच नाहीत. ढिगाऱ्यांना महत्त्व आहे. कोळशावरची माती आणि दगड काढून जवळच टाकतात, त्याला खाणीत ओबी म्हणतात. ढीग नदीलगत असला तर तो बांधाचंच काम करतो आणि काळी माती पावसात भिजली की वाहून नदीच्या पात्रात बसते. पात्र उथळ झालं, की तेवढ्याच पाण्याला पातळी जास्त.

दुसरी अडचण पुराच्या फोटोची. मॉडेल बरोबर आहे का हे पाहायला खरा पूर किती पसरला होता ते हवं. ढगांतून फक्त रडार उपग्रह पाहू शकतात. सेंटिनेल-१ या जोडीतला एक उपग्रह डिसेंबर २०२१मध्येच बंद पडला होता, त्यामुळे २०२२च्या पावसाळ्यात एका ठिकाणचा फोटो बारा-बारा दिवसांनी. पूर बारा दिवस थांबून पोज देत नाही.

तिसरी पावसाची. भविष्यातला पाऊस जागतिक हवामान मॉडेलांमधून घेतात. त्यांची एक चौकट साधारण शंभर किलोमीटरची. म्हणजे वणीपासून राजुऱ्यापर्यंतचा सगळा कोळसापट्टा एखाद-दुसऱ्या चौकटीत संपतो. त्यातून स्थानिक पाऊस काढायच्या पद्धती आहेत, पण वेगवेगळी मॉडेलं वेगवेगळं सांगतात. अतिवृष्टी वाढणार यावर बहुतेकांचं एकमत, किती यावर नाही. शिवाय बहुतेक डेटा रोजचा. २०० मिलिमीटर चोवीस तासांत पडला की चार तासांत, हे रोजच्या आकड्याला कळत नाही. खाणीच्या सम्पला आणि नाल्याला मात्र फक्त तेच कळतं. ऑफिसात ग्राहकाला एकच आकडा हवा असतो. आम्ही पट्टा देतो, ते त्याच्या मधला आकडा उचलतात. घरच्या मॉडेलमध्ये मी पट्टाच ठेवला, कारण इथे उचलणारं कोणी नव्हतं.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा लॅपटॉप नेला होता. मोठे बाबा ओट्यावर बसले होते. मी त्यांना नकाशा दाखवला, बांध नसताना आणि बांध असताना. त्यांच्या शेतात दोन्हींतला फरक कमरेच्या खालचा होता, आणि पाणी उतरायला लागणारे दिवस जवळपास सारखेच. मला त्याचंच कोडं होतं. बांध असो-नसो, माझं मॉडेल म्हणत होतं की पाणी दोन दिवसांत उतरायला हवं. प्रत्यक्षात सहा दिवस उभं राहिलं. कापूस दोन दिवसांत कदाचित वाचतो, सहा दिवसांत मुळं सडतात.

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. चष्मा नव्हता, पण बरोबर जागेवर ठेवलं.

“हा नाला इथून नदीत जाते, असं दाखवून रायला ना तू?”

“हो.”

“नाही जात. तिथं कोळशाच्या ट्रकचा रोड केला. रोडाखाली मोऱ्या टाकल्या होत्या.”

“किती?”

“तीन. दोन त कवाच्याच बुजल्या. मातीनं. एकीतून जाते पाणी, ते बी अर्धं. नदी उतरली का आमचं पाणी त्या रोडाच्या अलीकडं बसून रायते. नदी गेली, पाणी नाही गेलं.”

हे कुठल्याही उपग्रहात नाही. उंचीनकाशात तो रस्ता तीस मीटरच्या चौकटीत विरघळून जातो. बाबा आतून चहा घेऊन आले, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, “तो रोड आमच्याकडचा नाही, पलीकडच्या खाणीचा आहे.” मोठे बाबा म्हणाले, “पाण्याले त्याचं काय?” मग दोघंही थोडा वेळ त्या रस्त्याबद्दलच बोलत बसले. कोणत्या साली झाला, कंत्राटदार कोण होता, माती कुठून आणली. २०२२बद्दल त्या दोघांना एकत्र इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बाबांच्या मते बुजलेल्या मोऱ्या साफ करायला एक जेसीबी आणि एक दिवस पुरे. मोठे बाबा म्हणाले, दोन दिवस, कारण आत बाभळी उगवल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बाबांच्या मोटारसायकलवर गेलो. नाल्यात उतरून मी टेपनं मोऱ्या मोजल्या. व्यास ९०० मिलिमीटर, तिन्हींचा सारखा. मॉडेलमध्ये त्यांच्यासाठी वेगळा रकाना करावा लागला. पुढच्या रनमध्ये एकच मोरी अर्धी चालू ठेवल्यावर शेतातलं पाणी उतरायला साडेपाच दिवस लागले, तिन्ही उघडल्यावर अडीच. २०५०च्या पट्ट्यातला सगळ्यात वाईट पाऊस घातला तरी तिन्ही उघड्या असताना चार.

ते आकडे मी एका पानावर मराठीत लिहून दिलेत, नकाशासकट. मोठे बाबा ते घेऊन ग्रामपंचायतीत गेले होते. तिथून त्यांना तहसील ऑफिसात पाठवलंय, आणि तिथल्या साहेबांनी विचारलंय, की हा अभ्यास कोणत्या संस्थेचा.